नाकाशिवाय मसाला

माझं नाक गेलं ते मला दुधावरून कळलं. साथीच्या दुसऱ्या लाटेत आमच्या घरात तिघांनाही ताप येऊन गेला होता. नवरा चार दिवसांत उठला, सासूबाईंना नुसती कणकण आली, आणि मी, तिघांत सगळ्यात धडधाकट, अकरा दिवस अंथरुणात होते. बाराव्या दिवशी सकाळी ओट्यापाशी उभी राहून मोबाइलवरच्या ऑर्डरी बघत होते. गॅसवर दूध होतं. आतल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "दूध करपलंय. की आजपासून असंच प्यायचं ठरलंय?"

मी खाली पाहिलं. पातेल्यातून धूर निघत होता. माझं तोंड त्यापासून हातभर लांब होतं आणि मला काहीही कळलं नव्हतं.

गॅस बंद केला आणि हिंगाची डबी नाकाला लावली. काही नाही. लवंगा चुरडल्या, लसूण ठेचला, भांड्यांच्या साबणाची वडी हुंगली. काही म्हणजे काही नाही. नाक बंद नव्हतं, श्वास छान येत-जात होता. फक्त त्या श्वासाबरोबर काही आत येत नव्हतं.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर गैरसोय म्हणून सोडून देता आलं असतं. माझा गोडा मसाल्याचा धंदा होता.

शनिवार पेठेत तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत मी तो दहा वर्षं चालवत होते. एका विमा कंपनीतली कारकुनी सोडून सुरू केलेला. सासूबाईंना तो कधीच पटला नाही. त्या मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, न्हाणीघरात पडून खुबा मोडल्यापासून वॉकर धरून खोलीतल्या खोलीत फिरणाऱ्या, पण जिभेला काही झालं नव्हतं. कुणी भेटायला आलं की माझी ओळख करून देत, "या आमच्या सूनबाई. एम.कॉम. आहेत. सध्या धणे भाजतात."

कारखान्यात तीन बायका होत्या. त्यांतल्या भाजणाऱ्या मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याबरोबर होत्या. गोड्या मसाल्यात सगळं वेगवेगळं भाजावं लागतं. धणे, तीळ, खोबरं, दगडफूल, तमालपत्र, प्रत्येकाची वेळ वेगळी, आणि ती वेळ घड्याळात नसते. वास बदलतो, त्या क्षणाला कढई उतरवायची. भाजायच्या मावशी, पण प्रत्येक घाणा दळायला जायच्या आधी मी मूठभर हातावर घेऊन, डोळे मिटून हुंगायचे आणि हो किंवा नाही म्हणायचे. माझं खरं काम तेवढंच होतं. बाकी सगळं कुणालाही जमलं असतं.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, "येईल बहुतेक."

"कधी?"

"कुणाचा महिन्यात येतो, कुणाचा वर्षात. कुणाचा येत नाही." त्यांनी मला रोज सकाळ-संध्याकाळ गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास आठवून आठवून घ्यायला सांगितले. "व्यवसाय काय आपला?" मी सांगितलं. ते औषधाची चिठ्ठी लिहिता लिहिता थांबले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागले.

मी कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला म्हटलं, थोडा कमी येतो वास. तो म्हणाला, "येतो परत, मी वाचलंय." आणि हिंजवडीच्या बसला गेला. कारखान्यात मी नेहमीसारखी जाऊन बसले. मावशी भाजलेले धणे आणायच्या, मी हातावर घ्यायचे, डोळे मिटायचे, मनात पाच आकडे मोजायचे आणि म्हणायचे, घ्या. मावशींचा हात इतका बसलेला होता की तीन महिने काही बिघडलं नाही. मला वाटायला लागलं, निभावलं.

पावसाळ्यात खोबऱ्याचं पोतं आलं. किसायला बसण्याआधी मावशी एक वाटी घेऊन माझ्याकडे आल्या. "ताई, एकदा बघून घ्या. मला जरा वाटतंय."

मी वाटी मोडली. नाकाशी नेली. डोळे मिटले. पाच मोजले. "चांगलं आहे. घ्या."

"नक्की ना?"

"मावशी, घ्या म्हटलं ना."

त्या क्षणभर उभ्या राहिल्या. मग जाऊन किसणी घेतली.

खोबरं खवट होतं. भाजल्यावर, दळल्यावर, पुड्यांत भरून चार दिवस ठेवल्यावर ते इतकं खवट झालं की पुडी फोडताच कळावं. मला सोडून सगळ्यांना कळलं. नारायण पेठेतल्या ज्या दुकानात माझा सगळ्यात जास्त माल जायचा, तिथल्या दुकानदारांनी मला बोलावून घेतलं. माझ्या पुड्या त्यांनी काउंटरवर ओळीनं मांडून ठेवल्या होत्या, गिऱ्हाइकांना दिसतील अशा. "मॅडम," ते म्हणाले, "हा खाण्यासाठी होता का? पुडीवर तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं, म्हणून विचारतो."

काउंटरपाशी उभी असलेली एक बाई हसली. मी पुड्या पिशवीत भरायला लागले. ते म्हणाले, "सावकाश भरा. घाई नाही. घेणारं कुणी नाहीये."

मी चालत कारखान्यात आले. तेवढ्या अंतरात मला काय करायचं ते ठरलं होतं असं म्हणता येणार नाही, पण दारातून आत शिरले तेव्हा तोंडातून जे बाहेर पडलं ते अगदी तयार होतं. मी पिशवी मावशींच्या पुढ्यात उलटी केली. दुसऱ्या दोघी तिथंच होत्या.

"खवट खोबरं किसलंत तुम्ही. दहा वर्षं झाली, तुम्हाला खवट कळत नाही?"

मावशी बसल्या जागेवरून उठल्या. "ताई, मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारायचं कशाला? नाक नाही का तुम्हाला?"

हे वाक्य मी बोलले. त्यानंतर इतक्या वेळा आठवलंय की आता कधी कधी वाटतं, मी आणखी वाईट काही बोलले असेन आणि हे त्यातल्या त्यात बरं म्हणून लक्षात राहिलं असेल. मावशींनी अंगावरचा एप्रन काढला, घडी घातली, कढईच्या शेजारी ठेवला. म्हणाल्या, "मग उद्यापास्नं येत नाही." मी थांबवलं नाही. थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं.

संध्याकाळी घरी मी हे सासूबाईंच्या देखत नवऱ्याला सांगितलं. मावशींच्या हलगर्जीपणामुळे माल गेला, असं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत तेव्हा सावध व्हायला हवं, हे मला लग्नानंतर आठवड्याभरात कळायला हवं होतं.

पुढच्या रविवारी नवरा बाहेर गेला होता. सासूबाईंना एकटीनं जेवायला आवडत नसे, म्हणून मी माझं ताट घेऊन त्यांच्या खोलीत बसले. त्यांनी पलंगाशेजारच्या टेबलावरून एक झाकलेली वाटी पुढे केली. "कालची आमटी उरलीय माझी. मला नको. टाकू नकोस, खाऊन टाक."

आमसुलाची आमटी होती. मी भातावर घेतली. जीभ तेवढी शाबूत होती, खारट, आंबट, गोड, कडू एवढं समजायचं. आंबट लागली, पण आंबट ती असतेच. मी सगळी खाल्ली. सासूबाई घास हातात धरून माझ्याकडे बघत होत्या.

"कशी होती?"

"चांगली."

"तीन दिवसांची होती. त्या कपाटावर झाकून ठेवली होती. वर पांढरी बुरशी आली होती, ती मी चमच्यानं काढली." त्यांनी घास तोंडात टाकला, सावकाश चावला. "किती दिवस झाले नाक जाऊन?"

मी ताटाकडे बघत म्हटलं, "तापापासून."

"म्हणजे खोबरं तुला कळलं नाही, आणि घरी ती बाई गेली."

मी उठले आणि न्हाणीघरात जाऊन ओकले. दोन दिवस पोट धरून पडून होते. त्यांनी माझी चौकशी केली नाही. तिसऱ्या दिवशी मी त्यांची औषधं घेऊन खोलीत गेले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "मला खात्री करून घ्यायची होती."

कारखान्यात आता दोघी उरल्या होत्या. मी भाजायला लागले आणि त्यांना म्हणायचे, बघा गं, बरोबर झालंय का. त्या दोघी हुंगायच्या आणि म्हणायच्या, छान झालंय ताई. कच्चं असलं तरी छान, करपलं तरी छान. मावशींचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. माझ्या कारखान्यात कशालाही वाईट म्हणायचं नाही, हे मीच त्यांना शिकवलं होतं. पुढचे दोन घाणेही परत आले. नवरा म्हणाला, "बंद करूया का? तुझं एम.कॉम. आहेच की."

तो चांगल्या मनानं म्हणाला. पण आतल्या खोलीत वॉकरचा आवाज थांबला होता. सासूबाई माझं उत्तर ऐकायला उभ्या होत्या. मी म्हटलं, "नाही करायचा बंद."

दुसऱ्या दिवशी चार वाजता मी भाजलेले धणे, तीळ आणि तमालपत्र वेगवेगळ्या वाट्यांत घेऊन त्यांच्यासमोर गेले. "आई, जरा बघता का?"

त्यांनी चष्मा लावला. हुंगायला चष्म्याची काय गरज, हे विचारायची माझी परिस्थिती नव्हती. "आधी माझे पाय चोळून दे," त्या म्हणाल्या. "मग बघते."

मी पाय चोळले. त्यांनी तीळ हुंगले. "बरे आहेत." धणे हुंगले. "कच्चे. मधले भाजलेत, कडेचे नाही. ढवळताना लक्ष कुठं होतं?" तमालपत्र हातात घेऊन नाकाशी न नेताच खाली ठेवलं. "हे फेक."

मग हे रोजचं झालं. त्यांनी जुन्या वहीत रकाने आखले आणि लाल पेन्सिलीनं गुण द्यायला सुरुवात केली. पस्तीसच्या खाली नापास. मला बहुतेक दिवस चाळीसच्या आसपास मिळत. "जेमतेम," त्या म्हणायच्या. गुण द्यायच्या आधी काहीतरी करून घ्यायच्या. कपाट आवरून दे. नखं काढ. ते पडदे कधी धुतलेस? एकदा त्यांची बालमैत्रीण बसलेली असताना मला वाट्या घेऊन दारात पाऊण तास उभं ठेवलं आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "हिला वास येत नाही. मसालेवालीला. म्हणून मी बसते नाक घेऊन." मैत्रीण ओशाळून माझ्याकडे बघायला लागली. मी हसले. मला ते हसू जमायला लागलं होतं.

पण एक कबूल केलं पाहिजे, त्यांचं नाक भलतंच तयार होतं. दगडफूल दोन सेकंद जास्त राहिलं तरी सांगायच्या. चार महिन्यांत माझा मसाला सुधारला. एक-दोन गिऱ्हाइकं परत आली. आणि सासूबाई, ज्या दोन वर्षं गादीला चिकटलेल्या होत्या, साडेतीनलाच केस विंचरून, पदर नीट करून बसायला लागल्या.

त्याच सुमारास मंगल कार्यालयांना जेवण पुरवणाऱ्या एका केटररनं नमुना मागवला. आवडला तर लग्नसराईचा सगळा मसाला माझ्याकडून घेणार होता. मी दोन दिवस राबून घाणा काढला आणि तयार मसाला वाटीत घेऊन चार वाजता गेले. त्यांनी पाय चोळायला सांगितलं नाही. लगेच हुंगला. पुन्हा हुंगला. वहीत आकडा लिहिला आणि वही माझ्याकडे फिरवली. पंच्याऐंशी.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मी स्वयंपाकघरात येऊन थोडी रडले, हे लपवण्यात अर्थ नाही. त्याच आनंदात तो नमुना स्वतः रिक्षानं नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी केटररचा आवाजी निरोप आला, शांत, गोड आवाजात. "ताई, हा मसाला तुम्ही स्वतः घरी वापरता का? वापरत असाल तर माझी काही तक्रार नाही."

खोबरं जळालं होतं. सगळा मसाला जळकट झाला होता. मी मोबाइल घेऊन सासूबाईंच्या खोलीत गेले आणि तो निरोप त्यांना ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकला.

"मुद्दाम केलंत?"

"हो."

"का?"

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. "गेल्या मंगळवारी तू गॅलरीत उभी राहून तुझ्या बहिणीशी फोनवर बोलत होतीस. म्हणालीस, म्हातारी निदान नाकापुरती तरी उपयोगाची निघाली. माझं नाक चांगलं आहे. कानही चांगले आहेत."

मी तसं म्हणाले होते. हसत हसत म्हणाले होते आणि बहीणही हसली होती.

मी माफी मागितली नाही. त्या दिवसापासून वाट्या घेऊन जाणं बंद केलं. बाकी सगळं वेळच्या वेळी केलं, चहा, औषधं, अंघोळ, जेवण. फक्त चार वाजता त्यांच्या खोलीचं दार बाहेरून ओढून घ्यायला लागले. पहिल्या दिवशी आतून आवाज आला, "आज काय भाजलंस?" मी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी, "आज नाही आणलंस?" मी बाहेर खुर्चीत बसून होते, मुद्दाम, त्यांना माझी चाहूल लागेल अशी. पंधरा दिवस त्या रोज विचारत राहिल्या. मग विचारणं बंद झालं. मग केस विंचरणं बंद झालं. चष्मा टेबलावरच राहायला लागला. नवरा म्हणाला, "आई एकदम थकल्यासारखी वाटते." मी म्हटलं, "वय झालं आता."

मला बरं वाटत होतं. लिहायला नको वाटतं, पण वाटत होतं.

त्या दोन महिन्यांत मी नाकाशिवाय भाजायला शिकले. यात काही थोर नाही. दुसरा मार्ग उरला नव्हता. मी स्वयंपाकासाठी मिळणारा एक काट्याचा थर्मामीटर आणला. शंभर शंभर ग्रॅमचे घाणे काढायला लागले आणि भाजण्याआधी आणि नंतर वजन करून पाहायला लागले, कारण नीट भाजलेले धणे ठरावीक वजन गमावतात, कच्चे कमी, जळलेले जास्त. तीळ तडतडायचे थांबतात त्यानंतर किती श्वास थांबायचं, ते मोजलं. खोबऱ्याचा रंग बघायला पांढऱ्या फरशीचे तुकडे आणले आणि एकेका छटेचा कीस त्यावर चिकटवून ठेवला. खोबरं खवट आहे का ते बोटांना कळतं, जुनं खोबरं चुरलं की बोटांवर वेगळंच चिकट तेल येतं. माझ्या उजव्या हाताची तीन बोटं भाजून कातडी गेली होती, म्हणून मी डाव्या हातानं चुरायला शिकले. बहुतेक घाणे वाया गेले. दोघी बायका उभ्या राहून बघायच्या आणि विचारलं की म्हणायच्या, छान झालंय ताई.

एक दिवस मी कढई उतरवली आणि त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "मला वास येत नाही. तापापासून येत नाही. खोबरं मी पास केलं होतं. मावशींची चूक नव्हती." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. थोरली म्हणाली, "ताई, हे तीळ जरा कडवट झालेत." तिनं माझ्या तोंडावर काही वाईट सांगायची ती पहिली वेळ होती.

त्याच संध्याकाळी मी मावशींच्या घरी गेले. पर्वतीच्या पायथ्याशी एका गल्लीत त्यांची खोली. मला पाहून त्यांनी सुनेला खुर्ची आणायला सांगितलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. मी खुर्चीवरून उतरून खाली बसले. त्यांनी अडवलं नाही.

मी सगळं सांगितलं. माझी चूक होती, मला माहीत होतं, मी घाबरले होते, दोघींना आज खरं सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "तुमचं नाक गेलंय ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तुम्ही डोळे मिटून मनात आकडे मोजायच्या. ओठ हलायचे तुमचे."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही सांगाल म्हणून. तोवर मी माझ्या नाकानं चालवत होते ना." त्यांनी सुनेनं आणलेला चहा माझ्यापुढे सरकवला. "त्या दिवशी खोबरं घेऊन आले, ते तुम्हाला दाखवायला नाही आले. तुम्ही म्हणाल, मावशी तुम्हीच ठरवा, म्हणून आले होते."

मी म्हटलं, "माफ करा. परत या."

"माफ केलं," त्या म्हणाल्या. "चहा घ्या, निवतोय." मी चहा संपेपर्यंत त्यांनी नातवाच्या शाळेच्या गोष्टी सांगितल्या. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आल्या. "येणार नाही मात्र," त्यांनी सांगितलं, आणि मी गल्लीच्या वळणापर्यंत जाईपर्यंत उभ्या राहिल्या, पाहुणीला निरोप देतात तशा.

घरी आले आणि सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं. त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. मी त्या दिवशी भाजलेल्या धण्यांची वाटी टेबलावर ठेवली. त्यांनी हात पुढे केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवड्यानं मी चहा द्यायला गेले तर वाटीतले धणे चाळवलेले होते. वहीत तारीख नव्हती, नुसता आकडा होता. एकोणसाठ. मी माझ्या कागदावर त्या घाण्याचं वजन, तापमान सगळं पाहिलं. त्या आकड्याची मला गरज नव्हती. मी पुन्हा वाट्या न्यायला लागले. आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. त्यांचे केस आता मी विंचरून देते, त्यांचा हात वर जात नाही.

गेल्या वर्षी मला एका महिला उद्योजकांच्या मेळाव्यात बोलायला बोलावलं होतं. विषय होता अपयशातून उभारी. मी थर्मामीटरचं सांगितलं, फरशीचे तुकडे दाखवायला नेले होते, ते पाहून टाळ्या पडल्या. खवट खोबऱ्याचं सांगितलं, मावशींचं सांगितलं नाही. बुरशीच्या आमटीचं सांगितलं असतं तर सभागृह खूश झालं असतं, पण मग दार ओढून घेतल्याचंही सांगावं लागलं असतं. शेवटी एका तरुण मुलीनं विचारलं, "मॅडम, कधी सोडून द्यावंसं वाटलं नाही?" मी म्हटलं, "कधीच नाही." लोकांना हे आवडतं. खरं म्हणजे रोज वाटायचं. सोडलं नाही, कारण वॉकरचा तो आवाज थांबला होता आणि कुणीतरी माझं उत्तर ऐकत होतं. मला कणखर करणारी गोष्ट काय होती असं कुणी नीट विचारलं, तर मी द्वेष म्हणेन. पुढे तो ओसरला, पण तोवर हात बसला होता.

वास थोडा परत आला आहे, पण वाकडा. भाजलेल्या धण्यांचा मला जळक्या टायरसारखा येतो, कॉफीचा गटारासारखा, गुलाबाचा अजिबात नाही. डॉक्टर म्हणतात, ही चांगली खूण आहे. मी रोज आठ तास जळक्या टायरच्या वासात काम करते. कारखान्यात आता चौघी आहेत, आणि कुणीही कुठलाही घाणा थांबवू शकते. थोरली तर जरा जास्तच थांबवते.

नारायण पेठेतल्या त्या दुकानदारांनी दीड वर्षानं माझा माल परत घेतला. "ठेवून बघू," म्हणाले, आणि सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला, जिथं वाकल्याशिवाय दिसत नाही. त्याच्या वर, बरोबर डोळ्यांसमोर, एक नवा गोडा मसाला होता. साधी पुडी, हातानं चिकटवलेलं लेबल. मागे पत्ता होता पर्वतीच्या पायथ्याच्या गल्लीचा.

मी एक पुडी विकत घेतली. दुकानदार म्हणाले, "घ्या, बघा तरी कसा करतात."

घरी नेऊन फोडली. मला टायरचा वास आला. मी वाटीत काढून सासूबाईंपुढे धरला आणि काहीच सांगितलं नाही. त्यांनी मान पुढे केली, हुंगलं, आणि डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते.

"हा तुझा नाही," त्या म्हणाल्या.

"नाही. मावशींचा आहे."

त्यांनी वहीकडे हात नेला आणि अर्ध्यातच परत घेतला. गुण दिले नाहीत. "आमटीला आजपासून हाच घालत जा," म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या घरात मावशींचाच मसाला येतो. दर महिन्याला मी त्या दुकानात जाते, वरच्या फळीवरून एक पुडी घेते, आणि वाकून खालच्या फळीवर माझ्या किती संपल्या ते बघते. गेल्या महिन्यात चार सोडून सगळ्या संपल्या होत्या. दुकानदारांना म्हटलं, "माल पाठवते उद्या." ते म्हणाले, "पाठवा. फळी तीच आहे."